माणूस ऐकतो तो कशासाठी?



आपल्या गावातल्या कोणा एका माणसाचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. सकाळी एसटीच्या थांब्याजवळच्या टपरीत चहा घेता घेता तो वर्तमानपत्र चाळतो आणि पहिले पान टाकून आधी बाजारभावाचे पान उघडतो. दुपारी रानात, बांधावरच्या झाडाला अडकवलेला त्याचा रेडिओ गात असतो. एकादशीला तो देवळात कीर्तनाला बसतो. जत्रा आली की हाच गृहस्थ तमाशाच्या कनातीत पुढची जागा धरतो. आणि रात्री सारे निजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर काहीबाही पाहत राहतो. माणूस एकच, पण सकाळी त्याला हवे असते एक, दुपारी दुसरे आणि रात्री तिसरेच.

मग हा माणूस निवड करतो ती कशाच्या आधारावर? कीर्तनाला जाणारा चांगला आणि तमाशाला जाणारा वाया गेलेला, असा निकाल आपण चटकन देऊन टाकतो. पण दोन्हीकडे जाणारा एकच असेल तर? आज याच प्रश्नाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. विषय वरवर करमणुकीचा वाटेल. पण त्यात माणसांच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे, हे पुढे दिसेलच.

शिकवणारे, उपदेश करणारे आणि प्रचार करणारे यांच्यात एक जुनी समजूत आहे. श्रोता म्हणजे नळाखाली ठेवलेला रिकामा घडा. वरून चांगले ओता, आत चांगले साठेल; वाईट ओता, वाईट साठेल. आणि काहीच साठले नाही तर? तर घडाच पालथा होता, असे म्हणून आपण मोकळे होतो! 'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण आपण किती सहज वापरतो पहा. ओतणाऱ्याचा हात मात्र कोणी तपासत नाही, आणि घड्याला तहान कसली होती हेही कोणी विचारत नाही.

या समजुतीला एक मोठा धक्का बसला तो अमेरिकेत. १९४० साली तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती. घरोघर रेडिओ पोहोचलेला, वर्तमानपत्रे जोरात. पॉल लाझर्सफेल्ड नावाच्या अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह ओहायो राज्यातल्या ईरी या भागात सहाशे मतदार निवडले आणि मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. रेडिओवरचा प्रचार ऐकून माणसे मते बदलत असतील, असे कोणालाही वाटेल. पण दिसले ते निराळेच. मत बदलणारे थोडे निघाले. बहुतेकांनी जे आपल्या मताला धरून होते तेच ऐकले, तेच वाचले. ज्यांचे मत हलले, त्यांच्यावर रेडिओपेक्षा घरच्या, शेजारच्या, सोबत काम करणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम अधिक झाला होता. हे सारे १९४४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. यंत्राच्या शब्दापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द वजनदार, एवढी एक गोष्ट यातून ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क शहरातली. १९४५ च्या उन्हाळ्यात तिथे वर्तमानपत्रे पोहोचवणाऱ्या कामगारांनी संप केला. दोन आठवड्यांहून अधिक काळ लोकांच्या हाती रोजचे पत्र पडेना. बर्नार्ड बेरेलसन नावाच्या संशोधकाने ही संधी साधली. तो लोकांना भेटला आणि विचारले, "पत्र नाही, तर तुमचे काय अडले?" बहुतेकांनी भारदस्त उत्तर दिले, की जगाच्या घडामोडी कळल्याच पाहिजेत. पण कोणती घडामोड कळायची राहिली असे खोदून विचारले, तेव्हा पुष्कळांना सांगता येईना. मग हळूहळू खरे बाहेर आले. कोणाला रेडिओवर केव्हा काय आहे ते कळत नव्हते. कोणी गेल्या-वारल्याची वार्ता शोधत होता. कोणाला चारचौघांत बोलायला विषय उरला नव्हता. आणि कित्येकांना काय हरवले ते धड सांगता येत नव्हते. रोज सकाळी हातात पत्र धरून बसायची सवय मोडली, म्हणून नुसते चुकल्याचुकल्यासारखे होत होते.

पहा, पत्र एकच. पण एक त्याच्याकडे व्यवहारासाठी जातो, दुसरा गप्पांच्या भांडवलासाठी आणि तिसरा सकाळ सुरू झाली हे मनाला पटावे म्हणून.

त्याच सुमारास हर्टा हर्झोग या विदुषीने दुपारच्या रेडिओ-मालिका ऐकणाऱ्या गृहिणींशी बोलून पाहिले. या मालिका साबणाच्या कंपन्या चालवत आणि शहाणीसुरती माणसे त्यांना हसत. पण ऐकणाऱ्या बायका काय म्हणाल्या? कोणी म्हणाली, रडून मन हलके होते. कोणी म्हणाली, माझ्या आयुष्यात जे नाही ते तिथे घटकाभर भेटते. आणि काही जणींनी सांगितले, की नवऱ्याशी, मुलांशी कसे वागावे, अडचणीत काय करावे, हे आम्ही त्यातून शिकतो! लिहिणाऱ्याने शिकवायचा विचारही केला नसेल. पण ऐकणारीने आपल्या गरजेपुरते त्यातून काढून घेतले. आपल्या घरातल्या सासवा-सुना संध्याकाळी दूरदर्शन संचापुढे बसतात तेव्हा "काय हा वेडेपणा!" असे म्हणण्याआधी हे आठवावे.

पुढे १९५९ साली एलिहू काट्झ या विद्वानाने या साऱ्याचे मर्म एका प्रश्नात सांगितले. आजवर आपण विचारत आलो, की ही साधने माणसाचे काय करतात? त्याऐवजी विचारावे, की माणूस या साधनांचे काय करतो? प्रश्न नुसता उलटा फिरवला. पण घडा होता तो माणूस झाला.

आता हा प्रश्न घेऊन आपल्या गावात येऊ. माणूस कीर्तनाकडे, पत्राकडे, रेडिओकडे, मोबाईलकडे काय मागायला जातो? माझ्या समजुतीप्रमाणे मागण्या चार-पाचच आहेत. पहिली कामाच्या माहितीची: पाऊस केव्हा, कांद्याला भाव काय, अर्जाची मुदत कधी. दुसरी विरंगुळ्याची. दिवसभर पाठ वाकवलेल्या माणसाला संध्याकाळी हसावेसे वाटले तर तो गुन्हा नव्हे. तिसरी मागणी चारचौघांत बोलायला विषय असण्याची. पारावर सगळे काल रात्रीच्या क्रिकेटच्या सामन्यावर बोलत असताना ज्याने तो पाहिला नाही, तो बिचारा पंगतीतून उठवल्यासारखा बसतो. चौथी मागणी आपण कोणाचे आहोत, हे जाणवण्याची. मुंबईत गिरणीत राबणारा कोकणातला किंवा घाटावरचा माणूस गावाकडच्या भजनाला, शाहिरीला का जात असे? माहिती मिळवायला नव्हे. दोन घटका तो आपल्या माणसांत आणि आपल्या बोलीत परत येत असे.

आणि पाचवी मागणी सोबतीची. माझे एक मामा खेड्यात एकटे राहत. त्यांचा रेडिओ सकाळपासून चालू. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, गाणी, संस्कृत बातम्या, काय लागेल ते. एकदा मी म्हटले, "मामा, तुम्ही तर ऐकत नाही. बंद करू का?" ते म्हणाले, "राहू दे रे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं." संस्कृत बातम्यांतले त्यांना अक्षर कळत नव्हते, पण त्या आवाजाचे त्यांच्या घरातले काम चोख चालले होते.

ही गरज ओळखली नाही तर काय होते आणि ओळखली तर काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच नभोवाणीच्या इतिहासात आहेत, आणि तीही एकाच काळातली. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. संगीताचे मोठे जाणकार. चित्रपटातील गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. हेतू वाईट नव्हता. अभिजात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला. पण लोकांनी काय केले? त्यांनी काटा फिरवला! कोलंबोहून रेडिओ सिलोनचा आवाज समुद्र ओलांडून येत होता. १९५२ च्या अखेरीस तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत ऐकू येऊ लागला. समोरचा दरवाजा लावला तर माणसे खिडकीतून गेली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली आणि गाणी घरी परत आली.

तेव्हा लोकांना हलकेच हवे असते, भारी काही नकोच असते, असा अर्थ कोणी काढील. तर आता दुसरे उदाहरण ऐका. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालले आणि छप्पन्न गीते झाली. त्या वेळेला ज्या घरी रेडिओ, त्या घरी शेजारपाजार गोळा होई. आता सांगा, रामाची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती? माहितीसाठी कोणीच आले नव्हते. ठाऊक असलेली गोष्ट आपल्या भाषेत, सुरांत, घरच्या सगळ्यांनी मिळून ऐकावी, ही ओढ होती. तेच खाते, तोच मंत्री, तेच श्रोते. एके ठिकाणी माणसे पाठ फिरवून गेली, दुसरीकडे वेळेआधी येऊन बसली. 'तुम्हाला हे हवे असले पाहिजे' असे सांगणे निराळे आणि 'तुम्हाला काय हवे' हे ओळखणे निराळे.

यानंतर तिसरी गोष्ट, आणि आजच्या माझ्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची. १९५६ साली याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे, आणि त्यांतली दीडशे गावे. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, ग्रामपंचायतीचे. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचे. पण खरी मेख पुढे आहे. कार्यक्रम संपला की उठायचे नाही. ऐकलेल्यावर तिथेच बसून बोलायचे: हे आपल्या रानाला लागू पडेल का? याला पैसा किती लागेल? जे अडेल ते केंद्राकडे लिहून कळवायचे, आणि केंद्राने त्याचे उत्तर पुढच्या कार्यक्रमांतून द्यायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. शेतकऱ्यांच्या श्रोतामंडळांची ही पद्धत १९४१ पासून कॅनडात रुजली होती. तिथून ती आपल्याकडे आली.

या प्रयोगाची पारख केली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे, आणि रेडिओही नसलेली गावे. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लोकांना प्रश्न विचारले. जिथे मंडळ होते तिथे लोकांचे ज्ञान लक्षात येण्याइतके वाढले. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फारच थोडे.

रेडिओ तोच, आवाज तोच, सल्ला तोच. मग फरक कशाने पडला? मंडळात शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट मिळाली, जी नुसत्या रेडिओने मिळत नाही: बोलायला जागा. शंका काढायला जागा, आणि शंकेला उत्तर देणारे कोणीतरी. रेडिओ सांगून मोकळा होतो. त्या सांगण्याचे पीठ होते ते माणसांच्या बोलण्याच्या जात्यात. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर निघाली, त्यांची संख्या हजारोंवर गेली, आणि कालांतराने ती ओसरली. पण त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट ओसरलेली नाही.

आता आपल्या दिवसांकडे येऊ. एकेकाळी केसकर ठरवत की लोकांनी काय ऐकावे. आज कोणी ठरवत नाही, असे आपल्याला वाटते. मोबाईल हाती, जग मुठीत! पण नीट पहा. काल तुम्ही जे पाहिले ते यंत्र लक्षात ठेवते आणि आज तसलेच ताटात वाढते. काल भांडण पाहिले, आज दोन भांडणे. तुम्ही विरंगुळ्यासाठी दहा मिनिटे बसलात, आणि उठलात तेव्हा मध्यरात्र. गरज भागली केव्हा आणि नुसते वाढणे चालू राहिले केव्हा, हे कळलेच नाही. शिवाय पूर्वी एका रेडिओभोवती दहा माणसे बसत. आज एका घरात पाच माणसे, पाच यंत्रे, आणि मधे शब्द नाही.

यातून काय घडू शकते? १ जुलै २०१८ चा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे खोटे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरले होते. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातले पाच जण त्या गावी आले. संशय घेतला गेला, जमाव जमला, आणि त्या पाच निरपराध माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून मारून ठार केले.

आपण म्हणू, अडाणीपणा. एवढ्यावर सोडून चालणार नाही. मघाशी जी गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली ती आता काढा. यंत्राच्या शब्दापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द वजनदार. हे संदेश कोणा परक्याकडून आलेले नसतात. ते मेहुण्याकडून येतात, शाळासोबत्याकडून येतात, भावकीतल्या कोणाकडून येतात. म्हणजे यंत्र बोलते, पण तोंडवळा आपल्या माणसाचा घेऊन! आणि ते कोणती गरज भागवतात? लेकराच्या काळजीची. आईबापाच्या मनातली ही सर्वांत मोठी काळजी. गरज खरी, माणूस ओळखीचा, आणि गोष्ट मात्र खोटी. अशा वेळी एकच गोष्ट मधे उभी राहू शकली असती. शांतपणे बसून बोलायची जागा, आणि "हे कोणी पाहिलं? कुठं घडलं? पोलीस पाटलांना विचारलं का?" असे विचारणारा कोणीतरी. १९५६ च्या मंडळात हा माणूस होता. जमावात तो नसतो.

म्हणून, श्रोतेहो, मोबाईल फोडून टाका असे मी सांगणार नाही. दरवाजा लावला की माणसे खिडकीतून जातात, हे आपण पाहिलेच. मी दोनच गोष्टी सुचवतो.

पहिली शिक्षक बंधुभगिनींसाठी. वर्गातल्या मुलांना एक दिवस वहीत लिहायला सांगा: आज मी काय ऐकले, काय पाहिले, काय वाचले. आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: कशासाठी? वेळ जाईना म्हणून, मित्र बोलतात म्हणून, अभ्यास अडला म्हणून, एकटे वाटत होते म्हणून. जे खरे असेल ते. मात्र एक पथ्य पाळा. वही वाचून मुलाला रागावू नका. रागावलात, की दुसऱ्या दिवशी वहीत फक्त सुविचार येतील. मुलाने स्वतःच्या हाताने 'एकटे वाटत होते म्हणून' असे लिहिले, तर त्याला मोबाईलवरच्या उपदेशाची गरज नाही, सोबतीची आहे, हे तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

दुसरी गोष्ट गावकऱ्यांसाठी. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. ग्रामपंचायतीत, शाळेत, देवळाच्या ओट्यावर, जिथे सर्वांना येता येईल तिथे. बायकांनाही बसता येईल अशी जागा आणि वेळ निवडा, नाहीतर अर्धे गाव बाहेर राहील. अर्धा तास काहीतरी मिळून ऐका: रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम असो, पत्रातला लेख असो, नाही तर त्या आठवड्यात मोबाईलवर फिरलेला एखादा संदेशच असो. आणि मग अर्धा तास त्यावर बोला. हे कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आपल्याला हे खरे वाटावेसे का वाटते? अडेल तो प्रश्न जाणत्या माणसाकडे न्या: शेतीचा असेल तर कृषी खात्याच्या माणसाकडे, औषधाचा असेल तर आरोग्य केंद्रात. याला पैसा लागत नाही. एक सतरंजी लागते, आणि दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबायची तयारी लागते. तीच जरा महाग आहे.

माणूस गरज घेऊन या साधनांच्या दारी जातो. आपली गरज कोणती हे त्याला ठाऊक असेल, तर तो हवे ते घेऊन परत येतो. ठाऊक नसेल, तर पुढ्यात येईल ते घेऊन येतो आणि तेच हवे होते असे समजतो. आज रात्री मोबाईल हातात घ्याल तेव्हा किंवा रेडिओचा काटा फिरवाल तेव्हा क्षणभर थांबून स्वतःलाच विचारा: मी हे कशासाठी उघडतो आहे? उत्तर 'थोडे हसावेसे वाटते' असे आले, तर खुशाल हसा. पण प्रश्न विचारल्यावाचून राहू नका.

असो. आपण इतका वेळ ऐकलेत. ते कशासाठी ऐकलेत, यावरही आज घरी दोन शब्द बोला.